तीन चिंचोके : माणदेशातील एका वर्गात ऐकणे आणि बोलणे शिकवताना

२०१७ च्या हिवाळ्यात माझ्या शाळेतील आठवीच्या एका मुलीला तालुका पातळीवरील वक्तृत्व स्पर्धेत दुसरा क्रमांक मिळाला. विषय पाण्याचा होता. बक्षीस देताना परीक्षकांपैकी एका ज्येष्ठ शिक्षकांनी तिला मायेने विचारले, "भूजलाचे पुनर्भरण झाले पाहिजे असे तू म्हणालीस. तुझ्या गावात ते कुठे करता येईल?" तिने माझ्याकडे पाहिले, मग जमिनीकडे पाहिले, आणि काहीच न बोलता ढाल घेऊन ती खाली आली. परतीच्या एसटीत ती मला म्हणाली, "मॅडम, ते वाक्य तुमचं होतं." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. उसनी घेतलेली वस्तू ज्याची त्याला परत करावी, तसे तिने ते वाक्य मला परत केले.

त्या वेळी मला मराठी शिकवू लागून चौदा वर्षे झाली होती आणि त्या चौदा वर्षांत मुलांसाठी किती भाषणे लिहिली, याची मोजदाद मी कधी ठेवली नव्हती. माणदेशातील आमची शाळा लहान आहे. जयंत्या, पुण्यतिथ्या आणि राष्ट्रीय सण मात्र सगळीकडे सारखेच असतात. १ ऑगस्टला लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णा भाऊ साठे यांची जयंती एकाच दिवशी येत असल्याने जुलैच्या अखेरीस माझे दोन-तीन दिवस केवळ भाषणे लिहिण्यात जात. प्रत्येक भाषणाची सुरुवात "आदरणीय व्यासपीठ, पूज्य गुरुजन वर्ग आणि माझ्या बालमित्र-मैत्रिणींनो" अशी होई, त्यानंतर "चार शब्द सांगणार आहे, ते आपण शांतचित्ताने ऐकून घ्यावेत ही नम्र विनंती" हे वाक्य येई, आणि कोणत्या शब्दाला कोणता हात उचलायचा तेही मीच ठरवून देई. पाठांतराला मी कमी लेखत नाही. शंभर माणसांसमोर उभे राहण्याची भीती त्याने जाते, श्वास कोठे घ्यावा हे कळते, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो. परंतु मुलाला जे म्हणायचे आहे ते त्याला म्हणता यावे, आणि समोरच्याने काय म्हटले हे त्याला सांगता यावे, हे दोन्ही त्यातून घडत नाही, हे मी त्या एसटीच्या प्रवासात स्वतःशी प्रथमच मान्य केले.

मान्य केले, पण बदलले काहीच नाही. त्यानंतरही तीन-चार वर्षे मी भाषणे लिहीतच राहिले. याच काळात २०१८-१९ या वर्षी दहावीच्या भाषा विषयांचे तोंडी परीक्षेचे २० गुण काढून घेण्यात आले आणि लेखी परीक्षा १०० गुणांची झाली. आदल्या वर्षी ८९.४१ टक्के लागलेला राज्याचा निकाल २०१९ मध्ये ७७.१० टक्क्यांवर आला आणि पुढच्या वर्षापासून ते २० गुण परत देण्यात आले. त्या उन्हाळ्यात शिक्षकांच्या प्रत्येक बैठकीत मी टक्केवारीची चर्चा ऐकली. मुलांना बोलता येते की नाही, हा प्रश्न माझ्यासमोर कोणीही काढला नाही, आणि मीही तो काढला नाही. आमच्याकडे तोंडी परीक्षा म्हणजे एक कविता म्हणून घेणे, दोन प्रश्न विचारणे आणि सर्वांना सोळा ते एकोणीस गुण देणे, एवढीच होती. पहिली ते आठवीच्या आकारिक, म्हणजे वर्षभर वर्गात चालणाऱ्या, मूल्यमापनात 'तोंडी काम' हे स्वतंत्र साधन असून त्यात भाषण-संभाषण, मुलाखत, गटचर्चा असे सारे काही २०१० पासून लिहिलेले आहे. परंतु त्या रकान्यातील आकडे मी सत्र संपताना एका बैठकीत भरत असे.

करोनाकाळात बंद असलेल्या शाळा ४ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा सुरू झाल्या तेव्हा आठवीच्या वर्गात ३८ मुले होती आणि वर्गात कधी नव्हे एवढी शांतता होती. प्रश्न विचारला की मुले मान खाली घालत. मधल्या सुट्टीतही ती दोघे-तिघे मिळून एकाच मोबाईलकडे पाहत बसत. दीड वर्ष त्यांनी शिक्षकांचा आवाज, पोहोचला तेव्हा, एका बाजूनेच ऐकला होता. या मुलांसाठी भाषणे लिहून चालणार नाही, हे सांगायला कोणा तज्ज्ञाची गरज नव्हती. मी मुख्याध्यापकांकडे आठवड्यातील दोन तास मागितले, सोमवार आणि गुरुवारचे. त्यांनी विचारले, "धडे कधी पूर्ण करणार?" मी प्रामाणिकपणे सांगितले की दोन धडे मागे पडतील. थोडा विचार करून त्यांनी होकार दिला.

सुरुवात बोलण्यापासून करायची, असे मी ठरवले होते आणि ती माझी पहिली चूक ठरली. पहिल्या सोमवारी मी मुलांना म्हटले की कोणीही उभे राहून काहीही बोला. सहा मुले उभी राहिली आणि सहाही जणांनी "आदरणीय व्यासपीठ" पासून आरंभ केला, जरी समोर व्यासपीठ नव्हते. उरलेली बत्तीस मुले आपली पाळी येऊ नये एवढ्याच चिंतेत होती, त्यामुळे बोलणाऱ्याचे कोणीच ऐकले नाही. त्या दिवशी घरी गेल्यावर माझ्या लक्षात आले की बोलणाऱ्याची जीभ सुटावी यासाठी समोर खरोखर ऐकणारे कोणी तरी असावे लागते, आणि ऐकणे ही गोष्ट आम्ही "गप्प बसा" या आज्ञेपलीकडे कधीच शिकवलेली नव्हती.

म्हणून पुढच्या तासापासून जोड्या केल्या. एकाने दोन मिनिटे बोलायचे, दुसऱ्याने मध्ये एक शब्दही न बोलता ऐकायचे आणि नंतर "तू असं म्हणालास की" असा आरंभ करून ते परत सांगायचे. सांगून झाल्यावर पहिल्याने "बरोबर" म्हटले तरच पाळी बदलायची; नाही तर पुन्हा सांगायचे. हा खेळ दिसायला अगदी सोपा आहे, पण पहिल्या दोन आठवड्यांत एकही जोडी पहिल्या फेरीत "बरोबर" पर्यंत पोहोचली नाही. मुले ऐकलेले सांगण्याऐवजी त्यावरून स्वतःला जे आठवले तेच सांगत. एका मुलाने घरची शेळी व्याली आणि करडू दगावले, ते सांगितले. त्याच्या जोडीदाराने सर्वांसमोर सांगितले की याची शेळी मेली. पहिला मुलगा एकदम उठून उभा राहिला, "शेळी न्हाय मेली, करडू मेलं. शेळी अजून ओरडतीया." त्याच्या आवाजात जे होते ते माझ्या इतक्या वर्षांच्या भाषणांतून एकदाही ऐकू आले नव्हते. वर्ग गप्प झाला. मग त्याच्या जोडीदाराने हळू आवाजात पुन्हा सांगितले, या वेळी शेळी अजून ओरडते आहे हेही सांगितले, आणि पहिला मुलगा "बरोबर" म्हणून खाली बसला.

तेव्हापासून या वर्गात ऐकण्याला वजन आले. नोव्हेंबर-डिसेंबर हे दोन महिने आम्ही केवळ हेच केले. पुढे आकाशवाणीवरील तीन मिनिटांच्या बातम्या मी मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून आणू लागले. एकदाच ऐकवायच्या आणि कोणी काय केले, कोठे, कधी, किती, हे चार रकान्यांत लिहून घ्यायचे. त्यात आकडे सर्वाधिक निसटतात आणि 'नाही' हा शब्द त्याखालोखाल निसटतो, असे मला आढळले. नकारार्थी वाक्य मुले होकारार्थी करून सांगतात. पुढे वादविवादात याचा फार उपयोग झाला, कारण प्रतिपक्षाचे म्हणणे उलटे समजून त्यालाच उत्तर देत बसण्याची सवय तेथूनच येते.

ज्या गावांत कीर्तन अजून होते, तेथील वडीलधारी माणसे दोन-दोन तास बसून ऐकतात आणि दुसऱ्या दिवशी बुवांनी कोणता दृष्टांत दिला ते शेतात सांगतात. न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ मध्ये, आणि ती टिकली ती बोलणाऱ्यांइतकीच ऐकणाऱ्यांमुळे. ऐकण्याची ही रीत मराठी माणसाला परकी नाही, एवढेच येथे मला नोंदवायचे आहे. शाळेच्या वेळापत्रकात तिला जागा नाही, ही खंत मात्र आहे.

बोलण्याचे काम जानेवारीत सुरू झाले. मी एकच अट घातली : स्वतःच्या हाताने केलेले किंवा डोळ्यांनी पाहिलेले काम कसे करतात ते सांगायचे, आणि आरंभाचे ठरलेले वाक्य म्हणायचे नाही. मेंढ्यांची लोकर कशी कातरतात, ज्वारीची कणसे कशी मोडतात, डाळिंबाच्या बागेला ताण कसा देतात, पिठाची गिरणी बंद पडली तर पट्टा कसा चढवतात, अशी कितीतरी कामे वर्गात आली. येथे भाषेचा प्रश्न उभा राहिला. मुले घरची बोली बोलू लागली आणि एका सहकाऱ्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले की अशाने त्यांचे शुद्धलेखन बिघडेल आणि लेखी परीक्षेत गुण जातील. त्यांची काळजी खरी होती, म्हणून मी ती टाळली नाही. मी मुलांपुढेच प्रश्न ठेवला की आपण बाजारात, देवळात आणि ग्रामसभेत सारखेच बोलतो का. मुलांनी लगेच नाही म्हटले. सरपंचांशी बोलताना आजोबा वेगळे बोलतात, हे त्यांना ठाऊक होते. मग आम्ही ठरवले की पहिल्यांदा घरच्या बोलीत सांगायचे, आणि तेच पुन्हा अनोळखी माणसाला समजेल अशा सभेच्या भाषेत सांगायचे. ज्याने आधी बोलीत मोकळेपणाने सांगितले, त्याचे प्रमाण मराठीतील सांगणेही अधिक नेटके झाले, कारण काय सांगायचे हे तोवर पक्के झालेले असे. जो थेट प्रमाण भाषेत बोलू गेला, तो पुस्तकातली वाक्ये शोधत अडखळला.

एका गोष्टीकडे माझे लक्ष फार उशिरा गेले. गटचर्चा सुरू केल्यावर वर्ग भरभरून बोलतो आहे, असे समाधान मला वाटत होते. एके दिवशी दोन मुलींना मी घड्याळ देऊन कोण किती वेळ बोलले ते लिहायला सांगितले. चाळीस मिनिटांच्या तासात मुलग्यांचे बोलणे एकोणीस मिनिटे, माझे बारा मिनिटे आणि मुलींचे जेमतेम चार मिनिटे भरले. बाकीचा वेळ गोंधळात गेला. वर्गात मुली वीस होत्या. तो कागद पाहून मला मुलग्यांपेक्षा स्वतःचाच जास्त राग आला. पुढच्या गुरुवारी मी घरून चिंचोक्यांचा डबा आणला आणि प्रत्येकाला तीन-तीन चिंचोके दिले. एकदा बोलले की एक चिंचोका मधल्या ताटलीत टाकायचा. तीनही संपले की फक्त ऐकायचे. आणि सर्वांचे तीनही चिंचोके ताटलीत पडल्याशिवाय चर्चा संपवायची नाही. मी स्वतःलाही तीनच ठेवले. पहिल्या दिवशी पाच मुलांचे चिंचोके आरंभीच संपले आणि त्यानंतर बराच वेळ कोणी बोलेना. ती शांतता मोडण्याचा मोह मी आवरला. शेवटी मागच्या बाकावरील एका मुलीने चिंचोका टाकला आणि म्हणाली, "मला वेगळंच वाटतंय, पण मघाशी सांगायला मिळालं न्हाय." ज्या मुलाला बोलताना अडखळण्याचा त्रास होता, त्यालाही या रीतीचा आधार झाला, कारण त्याचा चिंचोका पडला की तो पुरे करीपर्यंत कोणालाही मध्ये बोलता येत नसे.

वादविवाद आम्ही पुढच्या वर्षी, ही मुले नववीत गेल्यावर, हाती घेतला. पहिला प्रयत्न वाईट गेला. 'मोबाईल शाप की वरदान' हा विषय मीच दिला होता आणि मुलांनी दूरचित्रवाणीवरील चर्चांप्रमाणे एकमेकांच्या आवाजावर आवाज चढवला. दोन्ही बाजूंना सर्व मुद्दे आधीच पाठ होते, त्यामुळे ऐकण्यासारखे काही उरलेच नव्हते. विषय असा हवा की ज्याचे उत्तर मुलांना आधीपासून ठाऊक नाही आणि ज्याची माहिती त्यांना पायी चालत जाऊन आणता येते. खूप चर्चेनंतर मुलांनीच विषय निवडला : 'आपल्या गावात शेतीसाठी नवी बोअर पाडण्यास बंदी असावी.'

आमचा भाग पर्जन्यछायेतला आहे. उन्हाळ्यात टँकर येतो, आणि बोअर किती फूट गेली हा आमच्याकडे सोयरिकीच्या बोलण्यातही येणारा विषय आहे. मुलांनी दोन आठवडे घरोघरी जाऊन २३ बोअरांची माहिती आणली : कोणत्या वर्षी पाडली, किती फूट, पाणी कितीवर लागले, आता आहे का. त्या तक्त्यात जुन्या बोअर दोनशे-तीनशे फुटांच्या आणि अलीकडच्या पाचशेच्या पुढच्या होत्या. मी त्यांना २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाविषयी सांगितले, आणि शेतीसाठी बोअर न घेण्याचा नियम गावानेच स्वतःला घालून घेतलेल्या, नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारविषयीही सांगितले. वृत्तपत्रांतील कात्रणे मुलांनी स्वतः मिळवली.

नियम तीन होते. कोण कोणत्या बाजूने बोलणार, हे त्याच दिवशी चिठ्ठीने ठरेल, म्हणून तयारी दोन्ही बाजूंची करायची. प्रत्येकाला तीन मिनिटे. आणि खंडन करण्याआधी प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा त्यालाच मान्य होईल अशा शब्दांत मांडायचा. त्याने "बरोबर" म्हटल्यावरच उत्तर द्यायचे. आपल्याकडील शास्त्रचर्चेत याला पूर्वपक्ष म्हणत आणि जो पूर्वपक्ष नीट मांडू शकत नाही त्याच्या उत्तराला किंमत नसे, हे मी मुलांना सांगितले. शेळी आणि करडाचा प्रसंग आठवून मुले म्हणाली की हे आपण केलेलेच आहे.

तो वादविवाद जानेवारी २०२३ मध्ये दोन तास चालला. बंदीच्या बाजूने बोलणाऱ्या मुलीने तक्त्यातील फूट फळ्यावर वर्षांनुसार मांडले आणि एवढेच विचारले की पुढची बोअर किती फुटांची असेल. विरुद्ध बाजूच्या मुलीने तिचा मुद्दा आधी अचूक परत सांगितला आणि मग ती म्हणाली की ज्यांच्या शेतात आज बोअर आहे त्यांना बंदीने काहीच तोटा नाही; तोटा त्यांचा, ज्यांना आजवर पैशाअभावी बोअर घेता आली नाही. हिवरे बाजारचे उदाहरण आले तेव्हा तिने उत्तर दिले, "तिथं नुसती बंदी नव्हती. पाणी अडवायची कामं झाली, दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. आपण त्यातलं अर्धंच उचलतोय." हे वाक्य मी लिहून दिलेले नव्हते. ते कोठून आले हे विचारल्यावर तिने कात्रणाची वही दाखवली.

निकाल आम्ही मतांनी लावला नाही. ऐकणाऱ्या प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचे होते की कोणाच्या कोणत्या मुद्द्याने आपले मत थोडे तरी हलले. बत्तीस चिठ्ठ्यांपैकी एकवीस चिठ्ठ्यांवर एखादा मुद्दा होता, अकरांवर "हलले नाही" एवढेच होते, आणि तेही मला प्रामाणिक उत्तर वाटले. तोंडी परीक्षेचे २० गुण त्या वर्षी मी याच दोन वर्षांच्या नोंदींवरून दिले. अंतर पहिल्यांदाच नऊपासून एकोणीसपर्यंत पडले. नऊ गुण मिळालेल्या मुलाच्या पालकांना ते का, हे मला वहीतील नोंदी दाखवून सांगता आले. आधीच्या सोळांचे कारण मला कधीच सांगता आले नसते.

त्या चर्चेतील एका मुलाला चिठ्ठीने बंदीची बाजू आली होती. त्याचे वडील बोअरच्या गाड्या ठरवून देण्याचे काम करतात. तमिळनाडूतून येणाऱ्या गाड्यांचे चालक त्यांच्याच घरी उतरतात. मुलाने वर्गात म्हटले होते की लोक हौसेने बोअर पाडतात आणि भूजल संपवतात. तिसऱ्या दिवशी ते गृहस्थ शाळेत आले. ते रागावलेले होते, तरी आवाज त्यांनी चढवला नाही. "मॅडम, पोरगं घरच्या धंद्याइरुद्ध बोललं त्याचं मला काय न्हाय. पण हौसेनं म्हणाला, ते मला लागलं." मी मुलाला बोलावले आणि वर्गात करतो तसेच करायला सांगितले. वडील बोलत राहिले आणि तो मध्ये काही न बोलता ऐकत राहिला. डाळिंबाची बाग एका उन्हाळ्यात वाळली तर अनेक वर्षांची मेहनत आणि बँकेचे कर्ज दोन्ही अंगावर येते, म्हणून शेवटचा उपाय म्हणून माणूस गाडी बोलावतो. आणि पाणी लागो वा न लागो, फुटाप्रमाणे पैसे मोजावेच लागतात, त्यामुळे रात्री गाडी चालू असताना शेतकरी झोपत नाही, असे त्यांनी सांगितले.

मुलाने ते परत सांगितले. पहिल्यांदा कर्जाचा मुद्दा राहिला. वडिलांनी मान हलवून नकार दिला. दुसऱ्यांदा त्याने दोन्ही मुद्दे सांगितले आणि 'हौसेने' या शब्दाच्या जागी 'नाइलाजाने' हा शब्द स्वतःहून घातला. "आता बरोबर," वडील म्हणाले. मग त्याने विचारले, "पण आण्णा, नाइलाज झाला तरी पाणी खालीच जातंय, त्याचं काय?" त्यावर ते लगेच काही बोलले नाहीत. मुलाने दोन्ही मुद्दे आणि स्वतःचा प्रश्न वहीत लिहून घेतला, आणि पुढच्या गुरुवारचा तास आम्ही त्यासाठी राखून ठेवला.